आधी दुपारचं रक्त, मग गोळी

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘माझे मिस्टर रस्त्याच्या कामावर दोन वर्षं कॅमेरूनमध्ये होते, जंगलाच्या भागात. परत येऊन चौदा महिने झाले. मधूनच त्यांचं मनगट सुजतं, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं. गेल्या आठवड्यात डोळा खुपतोय म्हणाले म्हणून मी मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पांढरा दोरा सरकत होता! मी व्हिडिओ काढला, सोबत पाठवते आहे. पंधरा मिनिटांत तो नाकाकडच्या कोपऱ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. ॲलर्जीचे थेंब मिळाले. मिस्टरांनी जंताची एक गोळी घेतली आणि त्यांच्या मते विषय संपला. सासूबाई म्हणतात, हा नारू आहे, काडीला गुंडाळून काढा. नेटवर वाचलं की आफ्रिकेतल्या डोळ्याच्या जंताने माणसं आंधळी होतात आणि त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध आहे. कोविडच्या वेळची पट्टी घरात पडून आहे, तारीख उलटलीय. देऊ का? दोन मुलं लहान आहेत, त्यांना लागण होईल का? ता. क. भाच्याच्या तळपायावर समुद्रावरून आल्यापासून नागमोडी लाल रेघ उठली आहे, रोज थोडी पुढे जाते. हे मिस्टरांमुळे तर नाही?’

ताई,

ती पट्टी मिस्टरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि मग पुढचं वाचायला बसा. तारीख उलटली आहे म्हणून नव्हे. आज दुकानातून आणलेली असती तरी हेच सांगितलं असतं.

व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. तुम्हाला भास झालेला नाही. सत्ताविसाव्या सेकंदाला नीट बघा: बुबुळ जागचं हललेलं नाही, पापणी मिटलेली नाही, आणि तरी दोरा वळसा घेतोय. डोळ्यात साचलेला चिकट स्राव कधीकधी हुबेहूब दोऱ्यासारखा दिसतो, पण तो पापणीबरोबर सरकतो, आपल्या मनाने वळत नाही. काहींना नजरेसमोर धागे तरंगताना दिसतात, तेही नव्हे. ते ज्याचे त्यालाच दिसतात, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये उतरत नाहीत. तो व्हिडिओ पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. तुमच्याकडे आत्ता यापेक्षा मोठा पुरावा नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांवर रागावू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ, आरपार दिसणारा पडदा असतो त्याच्याखालून हा प्राणी जातो. तिथं तो वस्तीला नसतो, वाटेवर असतो. पंधरा मिनिटं दिसतो आणि मग गालाच्या, कपाळाच्या कातडीखाली निघून जातो. नाकाच्या मुळावरून दुसऱ्या डोळ्याकडे गेल्याच्याही नोंदी आहेत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिला तो रिकामा रस्ता.

हा प्राणी कोण, याचा माझा अंदाज पक्का म्हणावा इतपत आहे. कॅमेरूनचं जंगल, येऊन-जाऊन असणारी मनगटाची सूज, आणि डोळ्यातून जाणारा दोरा, हे तिन्ही एकत्र आले की लोआ लोआ हे नाव पहिलं घ्यायचं. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनांतला हा जंत आहे, त्याला ‘आफ्रिकी डोळ्याचा जंत’ असंच म्हणतात. नाव डोळ्याचं असलं तरी त्याचं घर कातडीखाली आहे. मादी पाच-सात सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याने, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे शिवणाचा जाडसर दोरा. तुम्ही दोरा म्हणालात ते अगदी बरोबर आहे.

त्या मनगटाच्या सुजेलाही नाव आहे. कॅलाबार सूज. कॅलाबार हे नायजेरियातलं बंदर. 1895 मध्ये आर्गाइल रॉबर्टसन या नेत्रतज्ज्ञाने तिथून आलेल्या एका बाईच्या या सुजा लिहून ठेवल्या, त्यावरून ते नाव रूढ झालं. जंत कातडीखालून फिरतो, शरीर त्याच्यावर चिडतं, हाताला किंवा घोट्याला फुगवटा येतो, खाज येते, दोन-चार दिवसांत उतरतो आणि मग महिनाभराने दुसरीकडेच उठतो. दाबला तर खड्डा पडत नाही. ही सूज संधिवाताच्या खात्यावर वर्षानुवर्षं जमा होत राहते. तुमच्या यजमानांनाही कुणीतरी युरिक ॲसिड तपासायला सांगितलं असेलच.

डोळ्यातल्या या दोऱ्याची पहिली नोंद याहून जुनी आहे, आणि तिच्यामागची गोष्ट सुखाची नाही. 1770 मध्ये कॅरिबियन बेटावरच्या सेंट डोमिंगमध्ये मोंजँ नावाच्या फ्रेंच शल्यकाने आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या एका बाईच्या डोळ्यात जंत पाहिला, काढायला गेला, आणि तो त्याच्या देखत निसटला. पुढे आठ वर्षांनी गुलामांच्या जहाजांवर काम करणाऱ्या गियो नावाच्या शल्यकाला तो काढणं जमलं. ‘लोआ’ हे नाव त्याने तिथल्याच लोकांच्या तोंडून उचललं. अडीचशे वर्षं झाली, पण ‘आत्ता होता, आता नाही’ ही तक्रार तीच आहे.

आता तुमच्या मोठ्या भीतीकडे येते. आंधळेपण.

नेटवर दोन वेगळ्या आजारांची भेसळ झाली आहे. आफ्रिकेत जंतामुळे माणसं आंधळी होतात हे खरं, पण तो जंत दुसरा. त्याचं नाव ऑन्कोसर्का. वाहत्या, खळाळत्या नद्यांत वाढणाऱ्या काळ्या माशीच्या चाव्यातून तो येतो, म्हणून त्या रोगाला रिव्हर ब्लाइंडनेस म्हणतात, नदीकाठचं आंधळेपण म्हणा हवं तर. त्याचे मोठे जंत कातडीखाली गाठी करून गपगुमान बसतात, कंबरेच्या हाडापाशी, बरगड्यांवर. नजर जाते ती त्यांच्या पिलावळीमुळे. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. कातडीतून फिरत फिरत बुबुळात पोचते आणि तिथं मरते, आणि तिच्या मरण्यावर डोळा जो जाळ काढतो त्याने बुबुळ पांढरं होत जातं. म्हणजे हिशेब उलटा आहे: जो जंत डोळ्यात ठसठशीत दिसतो तो सहसा नजर घेत नाही, आणि जो नजर घेतो तो आरशात कधी दिसत नाही. लोआ डोळ्यातून जाताना खुपतो, पाणी आणतो, डोळा लाल करतो, पाहणाऱ्याची झोप उडवतो. नजर सहसा शाबूत राहते.

मग पट्टी लपवायला का सांगितलं? कारण आयव्हरमेक्टिन वाईट औषध आहे म्हणून नक्कीच नाही. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातल्या जिवाणूपासून ते निघालं, त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं, आणि 1987 पासून नदीकाठच्या आंधळेपणावर ते फुकट वाटलं जातंय. कोट्यवधी लोकांची नजर त्याने राखली. पण 1990 च्या दशकात कॅमेरूनमध्ये ते वाटताना एक भलतंच घडलं. गोळी घेतल्यावर दोन-तीन दिवसांत काही माणसं थकली, बरळू लागली, उभी राहीनात, काही बेशुद्धीत गेली, काही दगावली. शोध घेतला तेव्हा कळलं की या लोकांच्या रक्तात लोआची पिलावळ अफाट होती.

ही पिलावळ म्हणजे मायक्रोफायलेरिया. मोठी मादी कातडीखालून फिरता फिरता अशी हजारो पिल्लं सोडते, आणि ती रक्तात येतात. एकेक पिल्लू जेमतेम पाव मिलिमीटरचं. रक्तात ती थोडी असतील तर औषधाने मरतात, अंगाला खाज सुटते, ताप येतो, संपतं. पण एका मिलिलिटर रक्तात तीस हजार असतील, आणि ती सगळी एकदम मेली किंवा लुळी पडली, तर? मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत ती तुंबतात आणि तिथंच घात होतो, असं मानलं जातं. जंत जिवंत असताना माणूस रस्त्याचं काम करत होता. जंत घाईने मेले म्हणून माणूस पडला.

मी आजवर जेवढं पाहिलं-वाचलं त्यात ही गोष्ट परत परत येते. डोळ्यात डुकराच्या फीतकृमीची गाठ असेल तर तीही शांत असते, आणि डोळा न तपासता मेंदूतल्या गाठींसाठी जंताचं औषध सुरू केलं की डोळ्यातली गाठ मरताना सूज येऊन नजर जाऊ शकते. अंगातला जंत मारणं सोपं आहे. तो कुठे मरणार आणि किती मरणार, हे आधी माहीत असायला हवं.

खरं सांगायचं तर तुमच्या यजमानांनी ती गोळी घेतली असती तर बहुधा काहीही झालं नसतं. बाहेरून जाऊन राहिलेल्या माणसांच्या रक्तात पिलावळ सहसा कमी असते, कित्येकदा शून्य. तिथंच जन्मलेल्या, वर्षानुवर्षं माश्या चावलेल्या माणसांत ती फार चढते. पण ‘बहुधा’ या शब्दावर मी माझ्या घरच्या माणसाला गोळी देणार नाही, तर तुमच्या घरच्याला कशी देऊ? दोन वर्षं हा काही आठ दिवसांचा दौरा नव्हे. आणि मोजायला लागतं काय, तर रक्ताचा एक थेंब.

तर तो थेंब. इथं जरा रेंगाळते, कारण गडबड होते ती इथंच.

हत्तीपायाच्या जंताची पिल्लं रक्तात रात्री येतात, म्हणून हत्तीपायासाठी रात्री दहानंतर रक्त घ्यायची पद्धत आहे. प्रयोगशाळेतल्या माणसांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं: मायक्रोफायलेरिया म्हटलं की रात्र. लोआचं बरोबर उलट. त्याची पिल्लं सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात रक्तात सर्वांत जास्त असतात आणि रात्री फुप्फुसांकडे निघून जातात. यात खुळेपणा नाही. हत्तीपाय पसरवणारा डास रात्री चावतो. लोआ पसरवणारी माशी दिवसा चावते. ज्याला जी गाडी पकडायची, तो त्या वेळेला फलाटावर.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची एक चूक कबूल करते. आफ्रिकेहून आलेल्या एका माणसाचं रक्त मी नियमाने रात्री साडेदहाला काढलं, काच नीट पाहिली, ‘मायक्रोफायलेरिया नाहीत’ असं लिहून सही केली. माझे वरिष्ठ दुसऱ्या दिवशी कागद पाहून काही बोलले नाहीत. त्या माणसाला बोलावून घेतलं आणि बाराच्या सुमारास त्याच्या बोटाचा एक थेंब काचेवर ठेवून मला म्हणाले, बघ. ताज्या थेंबात रंग नसतो, नुसत्या तांबड्या पेशी दाटीवाटीने पसरलेल्या. एका कोपऱ्यात पेशी उगाच धक्काबुक्की करताना दिसल्या, गर्दीतून कुणी कोपराने वाट काढत यावं तशा. मग ते पिल्लू दिसलं. वळवळत, पेशी बाजूला सारत, काचेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. मोजायला बसले तर थांबता येईना. त्या माणसाला माझ्या रात्रीच्या कागदावर विसंबून कुणी औषध दिलं नाही, हे नशीब.

म्हणून चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या. सकाळी दहा ते दुपारी दोन, तीही आत्ता राहता तिथल्या घड्याळाप्रमाणे. जंताची पिल्लं माणसाच्या झोपण्या-उठण्याच्या वेळापत्रकावर चालतात. नुसतं आहे-नाही नको, एका मिलिलिटरमध्ये किती, हा आकडा हवा. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा आणि त्यातला इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा बघा. प्रवासी माणसात तो बहुधा भरपूर वाढलेला असतो, रक्तात पिल्लू एकही नसलं तरी. रक्तात पिल्लं सापडली नाहीत म्हणजे आजार नाही, असं समजू नका. तुमचा व्हिडिओ तिथं कामाला येतो. लघवीची साधी तपासणीही करून घ्या, या जंतात मूत्रपिंडातून प्रथिनं जाताना दिसतात.

आणखी एक तपासणी डॉक्टरांना आठवण करून द्यायची आहे. कॅमेरूनमध्ये लोआ आहे तसा नदीकाठच्या आंधळेपणाचा जंतही आहे, एकाच माणसात दोन्ही असू शकतात. लोआवरचं मुख्य औषध डीईसी, म्हणजे हत्तीपायासाठी वाटतात तेच. पण अंगात ऑन्कोसर्का असेल तर डीईसीने कातडी आणि डोळे भडकतात, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी कातडीचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा घेऊन, खाऱ्या पाण्यात ठेवून, त्यातून पिल्लं बाहेर पोहत येतात का ते बघतात. दुखत नाही म्हणावं इतकं कमी दुखतं.

हे सगळं हाताशी आलं की उपचार ठरतो. पिलावळ मिलिलिटरला आठ हजारांच्या खाली आणि ऑन्कोसर्का नाही, तर डीईसी, साधारण 21 दिवस, सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली. जोडीला खाज-सुजेची औषधं. आकडा वर असेल तर आधी अल्बेंडाझोल 21 दिवस देऊन तो हळूहळू खाली आणतात. इथं ‘हळूहळू’ हाच सगळा मुद्दा आहे. अल्बेंडाझोल म्हणजे तुमच्या यजमानांनी घेतली तीच जंताची गोळी असावी. पण एक गोळी घेऊन लोआचा विषय संपत नाही. नुकसान झालेलं नाही, फायदाही नाही. डीईसीचा एक कोर्स सगळ्यांना पुरतो असंही नाही. काहींना वर्षभराने पुन्हा सूज येते आणि दुसरा, तिसरा कोर्स लागतो. मोठा जंत सतरा वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा महिना-दोन महिने तपासण्यांत गेले तर बिघडत नाही. घाई नको, टाळाटाळही नको.

ज्या देशात ते अपघात झाले त्याच देशात तोडगाही निघाला, हेही सांगायला हवं. मोबाइल फोनला जोडलेलं एक छोटं सूक्ष्मदर्शक तयार झालं. बोटाचं रक्त त्यात घालायचं, फोनचा कॅमेरा वळवळ टिपतो आणि दोन-तीन मिनिटांत आकडा सांगतो. 2015 मध्ये कॅमेरूनच्या ओकोला भागात आधी असं मोजलं, ज्यांच्यात मिलिलिटरला वीस हजारांच्या वर निघाली त्यांना आयव्हरमेक्टिन दिलंच नाही. असे शंभरात दोनच निघाले. उरलेल्या पंधरा हजारांहून जास्त लोकांना औषध दिलं, एकालाही मेंदूचा त्रास झाला नाही. मोबाइलनेच तुम्हीही जंत पकडलात, त्यामुळे मला हे वाचून उगाच तुमचं कौतुक वाटलं.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नारू त्यांनी पाहिला असेल, निदान ऐकला असेल. पायावर फोड, आगीसारखी जळजळ, पाण्यात पाय घातला की फोड फुटून पांढरा दोरा बाहेर डोकावतो आणि तो काडीला रोज थोडा गुंडाळत काढायचा, घाईने ओढला तर तुटतो आणि पाय सुजून पिकतो. हे सगळं खरं आहे. पण नारूची मादी मीटरभर वाढते, ती बहुतेक करून पायातून बाहेर पडते आणि येते ती न गाळलेल्या पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांतून. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला, 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. औषध नाही, लस नाही, पाणी फडक्याने गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून तो घालवला. 1980 च्या दशकात जगात वर्षाला पस्तीस लाख माणसांना होणारा नारू 2022 मध्ये अवघ्या तेरा जणांना झाला. सासूबाईंना हे जरूर सांगा, आवडेल त्यांना. पण काडी मात्र डोळ्याजवळ आणू देऊ नका.

पुन्हा डोळ्यात दिसला तर? सुई, चिमटा, गरम पाणी, घरगुती थेंब, काही नाही. व्हिडिओ सुरू करा आणि जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून निघा. जंत समोर असताना डॉक्टर भूल देणारे थेंब घालून, पातळ पडद्याला बारीकशी चीर देऊन तो काढू शकतात. चार-पाच मिनिटांचं काम. पोचेपर्यंत निघून गेला तर गेला, त्याच्यामागे चिरफाड करायची नसते. आणि निघाला तरी तपासण्या, औषध चुकत नाही, कारण अंगात तो एकटा असेल अशी खात्री नाही. काढलेला जंत डॉक्टरांनी छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवायला हवा. तो फेकून देतात तेव्हा माझ्यासारखीला हळहळ वाटते.

तुमचे यजमान कधी आफ्रिकेत गेलेच नसते तर मी वेगळं बोलले असते. कुत्र्याच्या अंगात राहणारा डायरोफायलेरिया नावाचा जंत डासाच्या चाव्यातून माणसात येतो आणि डोळ्याच्या त्याच पडद्याखाली सापडतो. माणसात तो चुकून आलेला, एकटा, पिलावळीशिवाय. तो काढला की गोष्ट बहुधा तिथंच संपते, औषधही सहसा लागत नाही. जनावरांच्या डोळ्यांतलं पाणी चाटणाऱ्या माश्या आणखी एक बारीक जंत थेट डोळ्यात सोडतात, तोही चिमट्याने निघतो. बाहेरून तिघेही दोऱ्यासारखेच. म्हणूनच डॉक्टरांनी ‘कुठे कुठे राहिला होतात’ विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगा. मनगटाचंही तुम्हीच सांगा, कारण डोळ्याचे डॉक्टर मनगट विचारत नाहीत आणि हाडांचे डॉक्टर डोळा.

मुलांची काळजी सोडा. टॉवेल, उशी, ताट, मिठी, कशातूनही लोआ पसरत नाही. त्याला क्रायसॉप्स नावाची माशी लागते, आफ्रिकेच्या वर्षावनातली. ती रक्त पिते, तिच्या पोटात दहा-बारा दिवस पिल्लू वाढतं, आणि मगच दुसऱ्या माणसात जातं. लाकडाच्या धुराकडे आणि हलत्या माणसांकडे ही माशी ओढली जाते, त्यामुळे जंगलात शेकोटीभोवती काम करणाऱ्या टोळ्यांना ती भरपूर चावते. यजमानांना विचारून बघा, घोट्याला जोरात डसणारी मोठी माशी आठवते का. ती माशी तुमच्याकडे नाही, त्यामुळे हा जंत तुमच्या घरात पसरायला रस्ताच नाही.

भाच्याच्या पायाचं तर यजमानांशी काही नातं नाही. ती रेघ म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या आकडेकृमीची अळी. त्यांच्या विष्ठेतली अंडी ओल्या वाळूत उबतात, अळी अनवाणी तळपायातून शिरते. पण माणसाच्या कातडीचा खालचा थर तिला भेदता येत नाही, तसलं हत्यारच तिच्याकडे नाही. मग ती वरच्या थरातच वाट चुकल्यासारखी रोज काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर नागमोडी फिरत राहते आणि रात्री खाजवून जीव नकोसा करते. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप मरते, पण तेवढं थांबायची गरज नाही. रेघेच्या टोकावर चटका देणं, बर्फ लावणं किंवा टोकरणं हे मात्र करू नका. अळी दिसणाऱ्या रेघेच्या थोडी पुढे असते, उगाच निरोगी कातडी भाजते. त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. ते अल्बेंडाझोल देतील, नाहीतर, आता हसू नका, आयव्हरमेक्टिन. त्या पोराला ते बिनधास्त चालेल. मात्र ते वजन करून देतात, आणि पंधरा किलोच्या आतल्या मुलाला सहसा देत नाहीत. तुमच्या कपाटातल्या पट्टीतलं तर नकोच.

राहता राहिले यजमान, ज्यांच्या मते विषय संपला आहे. आपल्या डोळ्यातून जंत गेला हे मान्य करणं कुणालाही जड जातं, त्यात त्यांनी स्वतः पाहिलेला नाही, पाहिलात तो तुम्ही. वाद घालू नका. व्हिडिओ सत्ताविसाव्या सेकंदाला थांबवून त्यांच्या हातात द्या आणि बाजूला बसा.

अहवाल आले की इओसिनोफिलचा आणि मायक्रोफायलेरियाचा, दोन्ही आकडे कळवा. आणि रक्त किती वाजता काढलं तेही.